'नव्वद नंबर' एवढे पुरे नाही : गाडीच्या डिफरन्शियलचे तेल कसे निवडावे



आम्ही कापडाचे व्यापारी. गाडीच्या तेलाविषयी आम्ही लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु हिंगोली जिल्ह्यात जो आठवडी बाजार करतो, त्याचे निम्मे दुकान गाडीवर असते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांच्या बाजारांत कापड, चपला, भांडी, बांगड्या, मसाले घेऊन जाणारे आपले शेकडो बांधव आहेत. गाडी उभी राहिली की बाजार गेला, आणि गेलेला बाजार पुन्हा येत नाही. म्हणून आमच्यावर जे गुजरले ते सांगून, त्यातून जे शिकलो तेही इतरांच्या कामी यावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

गाडीचे इंजिन ऑईल आपण सगळे पाहतो. पाच हजार किलोमीटर झाले की कोणीतरी आठवण करून देतो. पण मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याला चालक मंडळी 'हौसिंग' म्हणतात आणि पुस्तकात डिफरन्शियल म्हणतात, त्यात कोणते तेल आहे हे दहापैकी नऊ मालकांना सांगता येणार नाही. आम्हालाही सांगता येत नव्हते.

आमची चूक

२००७ साली आम्ही एक जुनी पिकअप गाडी विकत घेतली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तिचे गिअरचे आणि हौसिंगचे तेल बदलण्याची वेळ आली. मिस्त्रीने विचारले, "चाचा, डब्याचे टाकू की सुटे?" आम्ही विचारले, फरक काय? तो म्हणाला, "दोन्ही नव्वद नंबरच." मग आम्ही व्यापाऱ्याच्या सवयीने म्हणालो, नंबर एकच असेल तर स्वस्त ते टाक. त्याने एकाच पिंपातले सुटे तेल गिअरबॉक्समध्येही टाकले आणि हौसिंगमध्येही. तेवढ्यात आमचे दोन-तीनशे रुपये वाचले, आणि आम्ही खूश झालो.

पुढे काही महिन्यांनी गाडी चाळीसच्या वेगाला गेली की मागून घों-घों असा आवाज येऊ लागला. ॲक्सिलरेटर सोडला की आवाज बदले. चालक म्हणाला, टायरचा असेल. आम्हीही तेच धरून चाललो. २००९ साली रमजान ईद सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आली. ईदच्या आधीचे दहा-बारा दिवस म्हणजे कापडवाल्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा. गाडीत नेहमीपेक्षा जास्त गठ्ठे भरून आम्ही वसमतच्या वाटेला लागलो. औंढ्याच्या अलीकडे चढावर मागून कडकड असा आवाज आला आणि इंजिन चालू असूनही गाडी जागची हलेना. माल दुसऱ्या टेम्पोत भरून पुढे नेईपर्यंत दुपार टळली, वर पाऊस आला. पांढऱ्या कापडाचे दोन गठ्ठे भिजले ते वेगळेच.

ज्या उस्तादाने हौसिंग उघडले, त्याने आम्हाला जवळ बोलावून आतले दाखवले. पिनियनचे दोन दात तुटले होते. उरलेल्या दातांवर नखाने ओरबाडल्यासारख्या रेषा होत्या. तळाशी तेल होते ते जेमतेम अर्धे, कारण एक सील गळत होते. उस्ताद म्हणाला, "सेठ, नंबर तो गाढेपन का है, ताकत का नै." हे एकच वाक्य आम्हाला हजारो रुपयांना पडले. क्राऊन-पिनियनची जोडी नवी, बेअरिंग नवे, मजुरी आणि ईदचे बुडालेले बाजार धरले तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले.

यात मिस्त्रीचा दोष आम्ही धरत नाही. तेल त्याने टाकले, पण 'स्वस्त ते टाक' हे शब्द आमचे होते. गळणारे सील आम्ही पाहिले नव्हते, आणि गाडीत भार आम्हीच जास्त भरला होता. तीनही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा दात तुटले.

त्या गोळ्यात काम काय चालते?

तेल निवडायचे तर आत काय आहे हे आधी समजले पाहिजे. इंजिनाची ताकद लांब दांड्यातून, म्हणजे प्रोपेलर शाफ्टमधून, मागे येते. तिथे तिला काटकोनात वळून दोन्ही चाकांकडे जायचे असते. दांड्याच्या टोकाला लहान दातेरी चाक असते, तो पिनियन. तो मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो, ते क्राऊन. पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४१ दात असतील, तर दांडा ४.१ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. वेग कमी होतो आणि जोर तेवढाच वाढतो. हा सारा जोर दोन-तीन दातांच्या बोटभर जागेवर पडतो.

क्राऊनच्या आत आणखी लहान दातेरी चाके असतात. त्यांना मिस्त्री 'स्टार गिअर' म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, आतल्याला कमी. स्टार गिअर दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतात. फरक सांभाळतो तो डिफरन्शियल. एकोणिसाव्या शतकात, १८२७-२८ च्या सुमारास, पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने याची कल्पना वाफेच्या गाडीसाठी मांडली. मोटारी तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या.

आता मुख्य गोष्ट. जुन्या काळी पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर बसत असे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास आपल्या गाड्यांत पिनियन मध्यापासून खाली बसवला. त्यामुळे दांडा खाली गेला, गाडी बुटकी करता आली, दात मोठे झाले आणि आवाज कमी झाला. या रचनेला 'हायपॉइड' म्हणतात. आज मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीप, पिकअप, टेम्पो, व्हॅन आणि महागड्या स्पोर्ट्स कार यांच्यात सहसा हीच रचना असते.

परंतु या सोयीची एक किंमत आहे. साध्या गिअरमध्ये दात दातावर बव्हंशी लोळतो. हायपॉइडमध्ये दात दातावर लोळतो आणि त्याच वेळी लांबीच्या दिशेने घसरतोही. पाट्यावर वरवंटा नुसता लोळवला तर मसाला टिकतो, पण दाबून ओढला की पाटा कोरडा होतो. तसेच इथे तेलाचा थर ओढून काढला जातो. केवळ दाट तेल तिथे टिकत नाही. लोखंडाला लोखंड लागते, तेवढी जागा क्षणभर तापते आणि दात एकमेकांना ओरबाडतात.

यावर इलाज म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळतात. जिथे दात जोराने घासून तापतो, नेमके तिथेच हे रसायन लोखंडाशी संयोग पावून अत्यंत पातळ असा पापुद्रा तयार करते. पुढच्या घासण्यात तो पापुद्रा झिजतो, दात शाबूत राहतो. मग पापुद्रा पुन्हा तयार होतो. गिअर ऑईलला जो उग्र वास येतो तो याच गंधकाचा. रसायन कमी असेल तर तेल कितीही दाट असले तरी हायपॉइडचे दात वाचत नाहीत.

डब्यावरच्या दोन खुणा

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. डब्यावरची इंग्रजी अक्षरे वाचायला आम्ही दुकानावर बसूनच शिकलो. ज्यांना ती वाचण्याची सवय नाही त्यांनी मुलाकडून किंवा नातवाकडून दोन खुणा ओळखून घ्याव्यात. सगळा डबा वाचण्याची गरज नाही.

पहिली खूण 'एसएई' या अक्षरांपुढे असते. उदाहरणार्थ ९०, किंवा ८०डब्ल्यू-९०, किंवा ८५डब्ल्यू-१४०. ही तेलाच्या दाटपणाची खूण आहे. शेवटचा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसला तापल्यावर किती दाट राहते ते सांगतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीत तेल किती वाहते राहील ते सांगतो. तो आकडा जितका लहान, तितके तेल गारठ्यात जास्त वाहते. आपल्या मराठवाड्यात बर्फ पडत नाही, तेव्हा आपल्यासाठी शेवटचा आकडा अधिक महत्त्वाचा.

इथे एक गैरसमज दूर करू. गिअर ऑईलचा ९० हा इंजिन ऑईलच्या ४० पेक्षा दुपटीहून दाट, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दोन्हींची मापे वेगळी आहेत. गिअर ऑईलचा ९० हा तापल्यावर इंजिन ऑईलच्या ४० ते ५० इतकाच दाट असतो. गजाने मोजलेले ९० आणि मीटरने मोजलेले ९० एक नसतात, हे कापडवाल्याला समजावून सांगायला नको.

दुसरी खूण 'एपीआय' या अक्षरांपुढे असते, आणि तीच लोक पाहत नाहीत. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. तिने गिअर ऑईलचे दर्जे ठरवले आहेत. आज आपल्या कामाचे दोनच : जीएल-४ आणि जीएल-५. जीएल-४ मध्ये दात वाचवणारे रसायन बेताचे असते. जीएल-५ मध्ये ते साधारण दुप्पट असते, आणि हा दर्जा हायपॉइड डिफरन्शियलसाठीच ठरवलेला आहे.

आता आमच्या धंद्यातला दाखला घ्या. दुकानात गिऱ्हाईक विचारते, साठ नंबरचे सूत आहे का? साठ नंबर म्हणजे सूत किती बारीक एवढेच. रंग पक्का आहे की पहिल्या धुण्यात उतरेल, हे त्या नंबरात येत नाही. त्यासाठी वेगळी पारख लागते. तसेच 'नव्वद नंबर' म्हणजे तेल किती दाट एवढेच. रंगाचा पक्केपणा म्हणावा तसा तेलाचा दर्जा म्हणजे जीएल. उस्तादाच्या वाक्याचा अर्थ हाच होता. आम्ही नंबर विचारला, दर्जा विचारला नाही.

मग सगळीकडे जीएल-५ का टाकू नये?

हा प्रश्न आम्हीही विचारला होता. जास्त चांगले तेच दोन्हीकडे टाकावे, असे व्यापाऱ्याला वाटणारच. पण गिअरबॉक्सची गोष्ट निराळी आहे. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवण्यासाठी तिथे बहुधा पितळी कड्या असतात. त्यांना सिंक्रो रिंग म्हणतात. ही कडी समोरच्या गिअरला घासून पकडते, म्हणूनच गिअर आवाज न करता पडतो. जीएल-५ चा निसरडा थर तिची पकड कमी करू शकतो, आणि मग गिअर अडकतो किंवा करकरतो. शिवाय काही तेलांतले तीव्र गंधक गरमीत पितळेला खाते. म्हणून ज्या गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ सांगितले आहे, तिथे जीएल-४ च टाकावे. आणि ज्या डिफरन्शियलला जीएल-५ सांगितले आहे, तिथे जीएल-४ टाकून भागवू नये. एकाच पिंपातून दोन्हीकडे तेल टाकणे ही आमच्याकडची जुनी रीत आहे. ती मोडली पाहिजे.

कोणत्या गाडीला काय?

गाडीबरोबर आलेले पुस्तक हाच शेवटचा शब्द. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात गाडीचा प्रकार सांगून विचारावे. ढोबळ मार्गदर्शन असे :

लहान पिकअप, जीप, व्हॅन अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना बहुतेक वेळा ८०डब्ल्यू-९० जीएल-५ लागते. जड ट्रकला, आणि उन्हाळ्यात भरगच्च भार ओढणाऱ्या काही गाड्यांना ८५डब्ल्यू-१४० सांगितलेले असते. जास्त दाट म्हणजे जास्त चांगले, असे मात्र धरू नये. पुस्तकात ९० असताना १४० टाकले तर ते घुसळण्यात ताकद वाया जाते, डिझेल जास्त जळते, आणि थंडीच्या पहाटे ते बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते. नव्या गाड्यांत कंपनीने ७५डब्ल्यू-९० सारखे सिंथेटिक तेल सांगितले असेल तर तेच टाकावे.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला, उदाहरणार्थ जुनी मारुती ८००, मागे डिफरन्शियल नसतेच. ते गिअरबॉक्सबरोबर एकाच डब्यात असते आणि दोघांना एकच तेल असते. तिथे गिअरबॉक्सचा दर्जा पाळावा. तीनचाकी ॲपेमध्येही गिअर आणि डिफरन्शियल एकत्रच असतात. म्हणून तीनचाकीवाल्यांनी 'हौसिंगला जीएल-५' एवढेच लक्षात ठेवून घाई करू नये. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षाला इंजिन ऑईल नसते, त्यामुळे तिला कोणतेच तेल लागत नाही असा काहींचा समज झाला आहे. तिच्या मागच्या एक्सलमध्येही दात आहेत, तिथेही गिअर ऑईल असते, आणि तेही तपासावे लागते.

ट्रॅक्टरची बाब सगळ्यांत नाजूक. अनेक नव्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या हौसिंगमध्ये, तेलातच बुडालेले असतात. तिथे ट्रॅक्टरसाठी बनवलेले खास तेल लागते. त्यात साधे जीएल-५ ओतले तर ब्रेकच्या चकत्या किंचाळतात, पकड बिघडते. हळद किंवा सोयाबीन भाड्याने वाहणाऱ्या बांधवांनी हे विसरू नये. ब्रेकचा प्रश्न हा जिवाचा प्रश्न आहे.

स्पोर्ट्स कार आणि लॉकवाले डिफरन्शियल

स्पोर्ट्स कार हिंगोलीच्या रस्त्यावर पाहायला मिळणे कठीण. पण मराठवाड्यातली कित्येक मुले आखाती देशांत गॅरेजमध्ये काम करतात, आणि तिथे अशा गाड्या त्यांच्या हाताखालून जातात. इथेही मोठ्या जीपगाड्यांच्या काही प्रकारांत आता आपोआप लॉक होणारे डिफरन्शियल येते. म्हणून थोडे त्याविषयी.

साध्या डिफरन्शियलची एक खोड आहे. एक चाक चिखलात फिरू लागले की जोर तिकडेच वाया जातो आणि दुसरे चाक उभे राहते. पावसाळ्यात बाजारच्या मैदानात हे दृश्य आपण नेहमी पाहतो. स्पोर्ट्स कारला वेगात वळताना हीच अडचण येते, कारण आतल्या चाकावरचा भार हलका होतो. म्हणून तिच्यात 'लिमिटेड स्लिप' डिफरन्शियल बसवतात. त्याचा एक प्रकार चकत्यांचा असतो. क्लचसारख्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोन चाकांच्या वेगातला फरक हाताबाहेर जाऊ देत नाहीत. दुसरा प्रकार केवळ दातेरी चाकांचा असतो. तो दातांच्या दाबावर काम करतो.

चकत्यांच्या प्रकारात साधे जीएल-५ पुरत नाही. चकत्या घासाव्यात, पण झटके देऊन चिकटू नयेत, यासाठी तेलात घर्षण बेताचे ठेवणारे आणखी एक रसायन लागते. डब्यावर 'एलएस' किंवा 'लिमिटेड स्लिप' असे छापलेले असते, किंवा ते रसायन लहान बाटलीत वेगळे मिळते. ते नसेल तर गाडी हळू वेगात तोकडे वळण घेताना मागून गुरगुर आणि झटके येतात. उलट ते प्रमाणाबाहेर ओतले तर चकत्या पकडतच नाहीत, आणि महागडे डिफरन्शियल साध्यासारखे वागू लागते. दातेरी प्रकाराला हे रसायन सहसा लागत नाही. लॉक होणाऱ्या जीपलाही कंपनीने जे सांगितले तेच टाकावे, अंदाज चालवू नये. साध्या डिफरन्शियलमध्ये 'एलएस' तेल टाकले तर बिघाड होत नाही, पण पैसे विनाकारण जातात.

सांगायचे तात्पर्य एवढेच : लाखांची स्पोर्ट्स कार असो की कापडाची पिकअप, पुस्तकातला दर्जा, पुस्तकातला नंबर आणि आत कोणत्या प्रकारचे डिफरन्शियल आहे, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय डबा उघडू नये.

तेल बदलण्याची रीत

मिस्त्री बदलत असेल तरी मालकाने शेजारी उभे राहावे. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी, म्हणजे तेल गरम होऊन गाळासकट बाहेर येते. गाडी सपाट जागी उभी करावी. आधी वरचा, भरण्याचा प्लग उघडावा आणि मगच खालचा. खालून तेल काढून टाकले आणि वरचा प्लग गंजून उघडलाच नाही, तर गाडी कोरडी उभी राहते. असे झालेले आम्ही पाहिले आहे.

खालच्या प्लगवर पुष्कळदा चुंबक असतो. त्यावर राखेसारखा मऊ, करडा लेप असेल तर काळजी नको, ती रोजची झीज आहे. पण बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर हौसिंग उघडून पाहावे. तेल दुधी किंवा चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे.

हे पाणी कुठून येते? हौसिंगच्या वर हवा जाण्यायेण्यासाठी एक लहान नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालून हौसिंग तापलेले असते. अशात कयाधूला किंवा एखाद्या ओढ्याला पूर आलेला असतो आणि चालक पुलावरच्या पाण्यातून गाडी घालतो. तापलेले हौसिंग एकदम गार होते, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून पाण्यातून गाडी गेली असेल तर मुदतीची वाट न पाहता तेल तपासावे. मुळात वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर आतला दाब सील फोडून तेल बाहेर काढतो. तो साफ करायला एक पैसाही लागत नाही.

नवे तेल वरच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत भरावे, तिथून थेंब पडू लागला की पुरे. 'थोडे जास्त असू दे' म्हणून कोंबू नये. जास्त झालेले तेल सीलमधून निघून ब्रेकच्या लायनरवर जाते. लहान गाडीत सारे मिळून लिटर-दोन लिटरचाच हिशेब असतो. आमच्यासारख्याने एवढ्याशा तेलात काटकसर करून हजारोंचा खर्च ओढवून घेतला, हे ध्यानात असावे. निघालेले काळे तेल नालीत किंवा नदीकाठी ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते. गॅरेजच्या पिंपात जमा करून परवानाधारक खरेदीदाराकडे जाऊ द्यावे.

बदलण्याची मुदत पुस्तकात दिलेली असते. नवी गाडी असेल, किंवा क्राऊन-पिनियन नवे बसवले असेल, तर पहिली बदली लवकर करावी. नवे दात एकमेकांवर बसताना लोखंडाची पूड जास्त सुटते.

सुटे तेल आणि जुनी गाडी

सुट्या तेलाचा वास उग्र आला, रंग सोनेरी दिसला, बोटाला चिकट लागले, तरी ते जीएल-५ आहे असे सिद्ध होत नाही. वास आणि रंग कशानेही आणता येतो. सील असलेला डबा, त्यावरच्या दोन खुणा आणि पक्के बिल, हीच खरी पारख. डबा आपल्यासमोर उघडावा आणि रिकामा डबा फेकताना त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात दुसरे काही भरून कोणी विकणार नाही.

जुनी गाडी घेताना आणखी एक सावधगिरी. आवाज करणाऱ्या हौसिंगमध्ये लाकडाचा भुसा किंवा फार दाट ग्रीस भरून काही दिवस आवाज दाबण्याची युक्ती जुनी आहे. म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वी भरण्याचा प्लग उघडून बोट घालून पाहावे. आणि आपण गाडी विकत असू तर हौसिंगचा आवाज घेणाऱ्याला आधीच सांगावा. फाटका ताका घडीत लपवून विकणे जसे आपण वाईट मानतो, तसेच हे आहे. दोन पैसे कमी येतील, पण त्या पैशात बरकत राहील.

शेवटी, आम्ही आजही पाळत असलेला नियम सांगतो. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये एक लहान वही असते. तिच्यात गिअरबॉक्सला कोणता दर्जा, हौसिंगला कोणता दर्जा, दोन्हींचे नंबर, बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असते. आमच्या सोयीसाठी ते उर्दूत लिहिलेले आहे आणि चालकाच्या सोयीसाठी मराठीत. २००९ नंतर मिस्त्री बदलले, चालक बदलले, गाडीही बदलली, पण त्या दोन ओळी पाहिल्याशिवाय आमच्या हौसिंगमध्ये तेल गेलेले नाही.

मिस्त्रीला 'कितवा नंबर' एवढेच विचारून थांबू नका. 'दर्जा कोणता' हेही विचारा. आणि येत्या सणाच्या धामधुमीत गाडीत जादा गठ्ठे भरण्याआधी एकदा खाली वाकून पाहा, मागचा गोळा ओला तर दिसत नाही ना. ओला दिसला तर गठ्ठे खाली उतरवा आणि आधी सील बदलून घ्या.